‘ह्यांचा कांहीं त्रास नाहीं’

(नभोवाणीवरील भाषण)

माझ्या एका आत्याबाईंनीं आयुष्याचीं शेवटचीं वर्षें एका वृद्धाश्रमांत काढलीं. जागा स्वच्छ होती, जेवण वेळच्या वेळीं मिळे, अंगणांत पारिजातक होता. महिन्या-दोन महिन्यांनीं मी भेटीस जात असें, आणि तेथील परिचारिका मोठ्या समाधानानें मला सांगत, “ह्यांचा कांहीं त्रास नाहीं बरें! कधीं हांक मारीत नाहींत, कधीं कांहीं मागत नाहींत.” तें ऐकून मलाहि बरें वाटे. याच आत्याबाई घरीं असतांना आमटींत गूळ कमी पडला म्हणून सारें घर हलवून सोडीत, हें माझ्या ध्यानांत यावयास हवें होतें. तें आलें नाहीं. जेवण अर्धें टाकणें, पहाटे तीनला जागें होऊन छताकडे पाहत पडणें, भेटीस आलेल्या नातवंडांची विचारपूसहि न करणें, हें सगळें आम्हीं वयाच्या खात्यावर मांडून टाकलें. ‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या घरांतून इतकी रुळलेली आहे कीं, ऐंशीच्या माणसाविषयीं आणखी कांहीं विचारावयाचें असतें असें कोणास वाटतच नाहीं.

आत्याबाईंचें पुढें काय झालें तें नंतर सांगतों. आज मला बोलावयाचें आहे तें एका प्रश्नाच्या इतिहासाविषयीं. संस्थेंत राहणारा वृद्ध मनुष्य गप्प बसून असतो, तेव्हां तो केवळ म्हातारा झाला म्हणून गप्प आहे, कीं त्याला नैराश्याचा, म्हणजे डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात तो विकार जडला आहे, हा भेद वैद्यकास केव्हां व कसा कळूं लागला? या इतिहासाचा मोठा भाग इंग्लंडांत घडला. कारण निराधार वृद्धांना शेंकडोंनीं एका छपराखालीं ठेवण्याची व्यवस्थाहि तेथें फार मोठ्या प्रमाणावर उभी राहिली होती.

१८३४ सालीं पार्लमेंटानें गरिबांविषयींच्या जुन्या कायद्यांत मोठा फेरफार केला आणि त्यानंतर देशभर ‘वर्कहाउस’ नांवाचीं गृहें पसरलीं. तत्त्व असें होतें कीं, बाहेरच्या अगदीं गरीब मजुराच्या जिण्यापेक्षांहि आंतलें जिणें अधिक नकोसें असावें, म्हणजे आळशी लोक आंत येणार नाहींत. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें धडधाकट आळशी होता. आंत येऊन राहिले ते मात्र पुष्कळसे म्हातारे, आजारी आणि अनाथ. दारांतच अंगावरचे कपडे काढून घेऊन गृहाचा गणवेश देत. पुरुष एकीकडे, स्त्रिया दुसरीकडे. चाळीस-चाळीस वर्षें एका चुलीवर जेवलेलीं नवराबायको येथें वेगळ्या दालनांत जात. साठ वर्षांवरील जोडप्यांवर वेगळें राहण्याची सक्ति करूं नये असा कायदा १८४७ सालीं करावा लागला, यावरून तोंवर काय चालत होतें याची कल्पना येईल.

ह्यूबर्ट फॉन हर्कोमर नांवाच्या चित्रकारानें लंडनमधील वेस्टमिन्स्टरच्या अशा एका गृहांतील वृद्ध स्त्रियांचें मोठें तैलचित्र १८७८ सालीं काढलें. तें लिव्हरपूलच्या वॉकर चित्रसंग्रहालयांत आहे. पुढें टेबलाभोवतीं शिवण घेऊन बसलेल्या कांहीं म्हाताऱ्या, आणि मागें त्या लांबलचक रिकाम्या दालनांत वांकलेल्या आकृति. चित्र पाहणाऱ्यास करुणा वाटते, पण आजच्या डॉक्टराच्या नजरेनें पाहिल्यास आणखी एक विचार मनांत येतो. या बायकांपैकीं थकलेल्या कोणत्या आणि आजारी कोणत्या? चित्रकारास तो प्रश्न पडण्याचें कारण नव्हतें. वैद्यांस तो पडावयास हवा होता.

वैद्यांची चूक केवळ दुर्लक्षाची नव्हती. ते पाहत, परंतु निदान आधींच ठरलेलें असे. जर्मनीचे एमिल क्रेपेलिन हे आधुनिक मनोविकारशास्त्राच्या संस्थापकांपैकीं एक. आपल्या ग्रंथाच्या १८९६ सालच्या आवृत्तींत त्यांनीं उतारवयांतील विषादास वेगळा रोग ठरविलें आणि त्याचा संबंध शरीराच्या ओहोटीशीं जोडला. गात्रें थकतात तसें मनहि थकतें, तेथें उभारीची आशा ती किती ठेवावयाची, असा त्याचा अर्थ झाला. पुढें गेऑर्ग ड्रायफुस या तरुण डॉक्टरानें एक साधें काम केलें. हायडेलबर्ग येथें ज्यांच्यावर हें निदान झालें होतें त्याच रुग्णांचा त्यानें माग काढला. वर्षें लोटल्यावर त्यांचें काय झालें? त्यांतील पुष्कळजण बरे झाले होते! ड्रायफुसचें पुस्तक १९०७ सालीं निघालें. क्रेपेलिन यांचा मोठेपणा असा कीं, त्यांनीं त्यास प्रस्तावना लिहिली आणि ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तींत आपलें मत सोडून दिलें. इतका दिलदारपणा विद्वानांत नेहमीं आढळत नाहीं.

पण एका पंडितानें मत बदललें म्हणून शास्त्राची वृत्ति बदलत नाहीं. फ्रॉइड यांनीं १९०४ च्या अखेरीस व्हिएन्नांतील डॉक्टरांपुढें एक व्याख्यान दिलें. त्यांत पन्नाशीजवळ आलेल्या व त्यापुढील माणसांच्या मनांत मानसोपचारास लागणारी लवचीकता उरत नाहीं, असें त्यांनीं सांगून टाकलें. स्वतः ते तेव्हां अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, आणि त्यांचे कित्येक गाजलेले ग्रंथ अजून लिहावयाचे होते.

आतां पुन्हां इंग्लंडांत येऊं. १९२९ च्या कायद्यानें वर्कहाउस चालविणारीं मंडळें मोडलीं आणि त्यांचीं रुग्णालयें काउंटी कौन्सिलांच्या हातीं जाऊं लागलीं. लंडनच्या पश्चिमेस वेस्ट मिडलसेक्स नांवाचें रुग्णालय होतें. १९३५ सालीं शेजारच्या जुन्या वर्कहाउसचें रुग्णालय त्यास जोडण्यांत आलें आणि त्याचीं ७१४ खाटांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरेन या बाईंच्या अंगावर पडली. त्या खाटांवर वर्षानुवर्षें पडून असलेले रुग्ण होते. कोणास अर्धांगवायु, कोणाचें मांडीचें हाड मोडलेलें, कोणाचें कांहींच नाहीं. एकदां निजविलें ते निजूनच राहिलेले. वॉरेनबाईंनीं प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी केली. इतकी साधी गोष्ट तोंवर झालेली नव्हती. त्यांनीं रुग्णांची वर्गवारी लावली, भिंतींना उजळ रंग दिले, दिवे वाढविले, धरून चालण्यास कठडे बसविले, आणि माणसांना खाटेवरून उठविलें. कित्येकजण चालूं लागले, कांहीं घरीं गेले. १९४३ व १९४६ सालीं त्यांनीं वैद्यक नियतकालिकांतून आपला अनुभव लिहिला. अंथरुणावर खिळून राहिल्यानें स्नायु जसे गळतात तसें मनहि गळतें, माणूस कशांतच रस घेईनासा होतो, हें त्यांनीं बजावून सांगितलें. त्या मनोविकारतज्ज्ञ नव्हत्या. पण ही उदासीनता म्हणजे वय नव्हे, हें संस्थेच्या आंत राहून त्यांनीं दाखवून दिलें, म्हणून या इतिहासांत मी त्यांना मोठें स्थान देतों.

मनोविकारतज्ज्ञांकडून या प्रश्नाचा उलगडा झाला तो त्यानंतर दहा वर्षांनीं. १९५५ सालीं मार्टिन रॉथ यांचा निबंध प्रसिद्ध झाला. चिचेस्टरजवळच्या ग्रेलिंगवेल मनोरुग्णालयांत दाखल झालेल्या, साठ वर्षांवरील ४५० रुग्णांचीं टिपणें त्यांनीं तपासलीं होतीं. कांहीं १९३४ व १९३६ सालचीं, कांहीं १९४८ व १९४९ सालचीं. तोंवर हे सारे रुग्ण ‘म्हातारपणाचें वेड’ या एकाच पोत्यांत भरले जात. रॉथ यांनीं त्यांचे पांच गट केले आणि प्रत्येक गटाचें सहा महिन्यांनीं व दोन वर्षांनीं काय झालें तें पाहिलें. ज्यांची बुद्धि खरोखर क्षीण होत होती, त्यांच्यापैकीं निम्म्याहून अधिक सहा महिन्यांच्या आंत वारले. उलट ज्यांचा रोग नैराश्याचा होता, त्यांच्यापैकीं निम्म्याहून अधिक तेवढ्याच अवधींत बरे होऊन घरीं गेले. एकाच दालनांत शेजारशेजारच्या खाटांवर हीं दोन माणसें पडलेलीं असत आणि दोघांच्याहि नांवापुढें एकच शेरा असे, हें लक्षांत घेतलें म्हणजे चुकीची किंमत कळते.

हा भेद याच वेळीं कां कळला? माझ्या मतें त्याचें कारण उपचारांत आहे. १९३८ सालीं रोममध्यें चेर्लेत्ती व बिनी यांनीं विजेच्या झटक्याचा उपचार प्रथम केला आणि पुढच्या दहा वर्षांत तो इंग्लंडांतहि रुळला. त्याविषयीं आजहि लोकांच्या मनांत भीति आहे, आणि आरंभीं तो भूल न देतां केला जाई हें पाहतां ती निराधार म्हणतां येत नाहीं. पण वर्षानुवर्षें न बोललेले वृद्ध या उपचारानें बोलूं लागले. इलाज हातीं आला म्हणजे डॉक्टर निदानाच्या बाबतींत काटेकोर होतो. इलाज नसला कीं सारेच रोग त्याला सारखे दिसतात. याच सुमारास मॉडस्ले रुग्णालयांत फेलिक्स पोस्ट वृद्धांच्या नैराश्याचा अभ्यास करीत होते. ते मूळचे बर्लिनचे. हिटलरच्या राजवटीमुळें तरुणपणींच देश सोडून आलेले. बरें झालेल्यांपैकीं अनेकांचा विकार पुन्हां उलटतो, एवढ्यानें काम संपत नाहीं, हें त्यांनीं रुग्णांचा वर्षानुवर्षें मागोवा घेऊन दाखविलें.

एवढें झाल्यावर वृद्धगृहांची स्थिति सुधारली असेल असें आपणांस वाटेल. मजूर सरकारचे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनीं १९४७ सालीं पार्लमेंटांत आश्वासन दिलें होतें कीं, वर्कहाउस जाऊन पंचवीस-तीस माणसांचीं छोटीं गृहें येतील आणि तेथें व्यवस्थापक व वृद्ध यांचें नातें हॉटेलवाला आणि पाहुणा असें असेल. कायदा १९४८ सालीं अमलांत आला. दहा वर्षांनीं पीटर टाउन्सेंड या समाजशास्त्रज्ञानें सहकाऱ्यांसह इंग्लंड व वेल्समधील १७३ वृद्धगृहें पाहिलीं, तेव्हां हजारों वृद्ध त्याच जुन्या वर्कहाउसांच्या इमारतींतून राहत असलेले आढळले. पाटी तेवढी बदलली होती. त्यांचें पुस्तक १९६२ सालीं निघालें. लोक उपाशी नव्हते, उघडे नव्हते. पण हातांना काम नाहीं, एकांत नाहीं, जुनीं नातीं तुटलेलीं, नवीं जुळलेलीं नाहींत, आणि केव्हां उठावें, केव्हां निजावें हेंहि ठरविण्याची मुभा नाहीं, असें चित्र त्यांनीं रेखाटलें.

त्याआधीं, १९५९ सालीं, रसेल बार्टन या मनोविकारतज्ज्ञानें एक लहानसें पुस्तक लिहून संस्थेमुळेंच होणाऱ्या एका विकाराचें वर्णन केलें होतें. विद्यार्थिदशेंत, १९४५ सालीं, ते बेल्सनच्या छळछावणींतील सुटका झालेल्यांच्या शुश्रूषेस गेले होते. दीर्घकाळ संस्थेंत राहिलेला माणूस कसा ओळखावा? खांदे पडलेले, मान पुढें झुकलेली, हात पोटाशीं घेतलेले, पाय घासत चालणें. सांगितलें तें करणें, न सांगितलें तें न करणें. उद्यांविषयीं कसलीच विचारणा नाहीं. बार्टन यांच्या मतें याला कारणें अनेक होतीं : बाहेरच्या जगाशीं तुटलेला संबंध, लादलेली निष्क्रियता, नोकरवर्गाची अरेरावी, स्वतःच्या वस्तु व सोबती गमावणें, औषधांची गुंगी, दालनाचें वातावरण, आणि येथून बाहेर कोठें जावयाचें आहे ही आशाच नसणें. हें सारें आणि नैराश्याचा विकार हीं एकच नव्हेत. पण एक दुसऱ्याला झांकतें. जेथें सगळेच मान खालीं घालून बसलेले असतात, तेथें आजारी माणूस निराळा दिसावा तरी कसा?

आणखी एक पडदा आहे, तो विसराळूपणाचा. १९६१ सालीं न्यूकॅसलचे डॉ. कायलो यांनीं ‘आभासी स्मृतिभ्रंशा’वर निबंध लिहिला. कांहीं रुग्णांचें वागणें हुबेहूब स्मृतिभ्रंश झाल्यासारखें असतें, पण मूळ विकार निघतो नैराश्याचा, आणि तो बरा झाला कीं स्मृतीहि परत येते. १९७९ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स वेल्स यांनीं दोहोंतील फरक बारकाईनें नोंदविला. स्मृतिभ्रंशाचा रोगी प्रश्न विचारला असतां कांहीं तरी उत्तर देण्याची धडपड करतो, चूक झांकूं पाहतो. नैराश्याचा रोगी ‘मला ठाऊक नाहीं’ म्हणून मोकळा होतो, आणि आपल्याला कांहीं आठवत नाहीं अशी तक्रार स्वतःच करतो. पहिल्याची घसरण सावकाश, कित्येक वर्षांत. दुसऱ्याची कांहीं आठवड्यांत. पुढच्या अभ्यासांनीं यास पुरवणी जोडली कीं, असे कांहीं रुग्ण नंतर खऱ्या स्मृतिभ्रंशाकडेहि जातात आणि दोन्ही विकार एकत्र असूं शकतात. म्हणून ही कसोटी सोन्याच्या कसासारखी समजूं नये.

आमच्या आत्याबाईंच्या बाबतींत नेमकें हेंच झालें होतें. आश्रमाच्या कागदांवर ‘स्मृतिभ्रंश’ असा शेरा होता, कारण कोणतीहि गोष्ट विचारली तरी त्या ‘नाहीं बाई ठाऊक’ एवढेंच म्हणत. एके दिवशीं नेहमींच्या डॉक्टरांच्या जागीं एक तरुण डॉक्टरीण आली. ती त्यांच्या खाटेवर बसली आणि तिनें विचारलें, “आजी, तुम्हांला आतां जगावेंसें वाटतें का?” मी दारांत उभा होतों, मला त्या प्रश्नाचा राग आला. आत्याबाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “मी आतां कोणाच्या उपयोगाची आहें, सांग बरें?” दीड वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेलें तें पहिलें पूर्ण वाक्य. पुढें औषध सुरू झालें, दुपारीं स्वयंपाकघरांत भाजी निवडण्याचें काम त्यांच्याकडे आलें, आणि चौथ्या महिन्यांत आमटीविषयीं तक्रार झाली.

मला जो प्रश्न उद्धट वाटला, तो विचारण्याची रीत शास्त्रानें मोठ्या कष्टानें बसविली होती. १९६० पासून मॅक्स हॅमिल्टन यांची नैराश्य मोजण्याची पट्टी प्रचारांत होती. पण तींत झोंप, भूक, वजन, थकवा यांना बरेच गुण होते. म्हाताऱ्या माणसाची झोंप तशीहि कमीच. गुडघे दुखतात, भूक मंदावते. मग रोग कोणता आणि वय कोणतें? कॅलिफोर्नियांत जेरोम येसावेज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शंभर प्रश्नांपासून आरंभ केला आणि त्यांतून निवडून तीस प्रश्नांची एक यादी १९८२-८३ मध्यें प्रसिद्ध केली. शरीराच्या तक्रारी त्यांनीं बहुतेक गाळल्या. आयुष्याविषयीं समाधान आहे का, कंटाळा येतो का, आपण निरुपयोगी झालों असें वाटतें का, असें विचारावयाचें, आणि उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच. १९८६ सालीं पंधरा प्रश्नांची आटोपशीर यादी निघाली आणि ती जगभर पसरली. एक गंमत अशी कीं, बाहेर जाण्यापेक्षां घरींच राहावेंसें वाटतें का, असाहि एक प्रश्न तींत आहे. ज्याला फाटकाबाहेर सोडतच नाहींत त्यानें याचें उत्तर काय द्यावें?

आणि ज्याला प्रश्नच समजत नाहीं, त्याचें काय? स्मृतिभ्रंश झालेल्यालाहि नैराश्य येतेंच. १९८८ सालीं कॉर्नेल विद्यापीठांत जॉर्ज अलेक्झोपूलोस यांनीं त्यासाठीं एकोणीस बाबींची पट्टी केली. तींत डॉक्टर रुग्णास पाहतोच, पण आधीं त्याची शुश्रूषा करणाऱ्यास बसवून विचारतो : सकाळीं अधिक खिन्न असतात का? आवडत्या गोष्टींत मन रमतें का? पहाटे लवकर जाग येते का? वजन घटलें का? उगाच चिडतात, रडवेले होतात का? परिचारिकेला जें दिसत असूनहि कोणी विचारीत नव्हतें, त्याला असा कागद मिळाला.

न ओळखण्याची किंमत काय पडते हेंहि मोजलें गेलें आहे. बॉल्टिमोर परिसरांतील वृद्धशुश्रूषागृहांत नव्यानें आलेल्या ४५४ जणांची पाहणी बॅरी रोव्हनर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली. ती १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांतील १२.६ टक्के लोकांस तीव्र नैराश्याचा विकार होता आणि आणखी १८.१ टक्क्यांत त्याचीं लक्षणें होतीं. तेथील डॉक्टरांनीं यांपैकीं बहुतेकांचा विकार ओळखलाहि नव्हता. तीव्र नैराश्य असलेल्यांस वर्षभरांत मृत्यूचा धोका ५९ टक्क्यांनीं अधिक होता, आणि शरीराचे आजार हिशेबांत धरूनहि तो तसाच राहिला.

अमेरिकेंत २०१० च्या ऑक्टोबरपासून सरकारी नियमाखालील प्रत्येक वृद्धशुश्रूषागृहांत ठराविक काळानें नैराश्याचे प्रश्न प्रत्यक्ष वृद्धालाच विचारावयाचे, असें ठरलें. त्याआधीं नोकरवर्ग आपल्या निरीक्षणावरून रकाने भरीत असे. नोकरांची माहिती आतां घेतली जाते ती वृद्धास उत्तर देतां येत नसेल तरच. चांचणी घेतली तेव्हां असें दिसलें होतें कीं, ज्यांना उत्तर देतां येणार नाहीं असें गृहीत धरलें जाई, त्यांच्यापैकीं कितीतरी जण नीट उत्तर देत होते.

आपल्याकडील एक आंकडा सांगतों. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें २०१७-१८ मध्यें भारतभर वयस्कांची मोठी पाहणी केली. साठ वर्षांवरील लोकांत ८.३ टक्के जणांना तीव्र नैराश्य असण्याचा संभव दिसला. परंतु डॉक्टरांनीं आपल्याला तसें निदान सांगितलें आहे, असें म्हणणारे अवघे ०.८ टक्के निघाले. दहांत एक. प्रत्येक जिल्ह्यांत निदान दीडशें निर्धन वृद्धांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम सरकारनें उभारावा, असें २००७ च्या कायद्यांत म्हटलें आहे. देवनारच्या पाहणींत मात्र घरोघर जाऊन कुटुंबांतील माणसांना विचारलें गेलें. वृद्धाश्रमांतल्या खाटांपर्यंत ती गेली नव्हती.